‘सतत गैरहजर’

परभणीहून जिंतूरकडे निघाले की झरी मागे पडते आणि पुढे बोरी लागते. बोरी हे आमच्या भागातले बाजाराचे गाव. त्याच्या आसपासच्या एका खेड्यात माझे बालपण गेले. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला मिळालेले नाही. जुने कागद वाचण्याचा नाद तेवढा आहे. त्या नादापायी दोन वर्षांपूर्वी मी गावच्या शाळेत ‘दाखल-खारीज’ची जुनी रजिस्टरे पाहायला बसलो होतो. हैदराबाद संस्थान जाऊन पाऊणशे वर्षे झाली, तरी आमच्याकडचे जुने गुरुजी शाळेच्या मुख्य नोंदवहीला अजून याच नावाने ओळखतात. मला हवे होते ते असे दप्तरी शब्द. सापडले ते वेगळेच.

त्या वहीत प्रत्येक मुलामागे एक ओळ असते. नाव, जन्मतारीख, पालकाचे नाव, पालकाचा धंदा, दाखल केल्याची तारीख, नाव कमी केल्याची तारीख आणि शेवटी कारण. या शेवटच्या रकान्यात पानेच्या पाने एकच शेरा होता : ‘सतत गैरहजर’. काही ओळींत तो पूर्ण लिहून झाल्यावर गुरुजींचा हात दुखू लागला असावा, कारण पुढे नुसते ‘वरीलप्रमाणे’ आहे. अशाच एका ‘वरीलप्रमाणे’च्या ओळीत मला माझ्या थोरल्या बहिणीचे नाव दिसले. पालकाचा धंदा : मजुरी. नाव कमी केल्याचे साल : 1973.

संध्याकाळी अक्काला हे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, “गैरहजर म्हणजे कुठं जाणार होते मी? तुला कडेवर घेऊन खडीवर होते की.” 1972 चा दुष्काळ होता. माय आणि बाप दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मी तीन वर्षांचा. मला सांभाळायला घरात तिसरे कोणी नव्हते, म्हणून तिसरीतली अक्का कामावर यायची आणि बाभळीच्या सावलीला मला घेऊन बसायची. पाऊस पडला, कामे संपली, पण तिचे नाव पटावर पुन्हा चढले नाही. मी मात्र पुढे दहावी झालो.

गुरुजींचा शेरा खोटा नव्हता. पण त्याला कारण म्हणता येत नाही. अक्का शाळेत नव्हती एवढेच त्यातून कळते. का नव्हती हे लिहायचे तर शाळेला आमच्या घरापर्यंत, निदान त्या खडीच्या ढिगापर्यंत यावे लागले असते. शिक्षणाविषयीच्या अहवालांत ‘पालकांची उदासीनता’ हे शब्द दिसले की मला तो रकाना आठवतो. हा ठपका आपल्याकडे किती जुना आहे आणि तो कोणी कसा खोडून काढला, याचा शोध मी तेव्हापासून घेत आहे.

या शोधात पहिला मुक्काम 1882 चा. हंटर शिक्षण आयोगापुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. सरकारच्या तिजोरीत भर घालणारा शेतकरी आणि त्या पैशावर शिकणारा वरचा वर्ग ही त्यातली विसंगती सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची दुसरी नोंद. खेड्यातला कुणबी शाळेपासून दूर का राहतो, याचे उत्तर जोतीराव देतात : अतिशय गरिबी, आणि गुरे राखायला व शेताकडे पाहायला त्याला मुलांची गरज असते. म्हणजे मूल शाळेत घालणे याचा अर्थ घरातले दोन काम करणारे हात कमी करणे. म्हणून त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, आणि तिच्या जोडीला मागास जातींतल्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसेही मागितली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, कारण ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असेही त्यांनी सुचवले. पालक आणि शिक्षक यांच्यात बोलणे कसे होईल, याचा इतका व्यवहारी विचार त्या काळात क्वचितच कोणी केला असेल. त्याआधी 1855 मध्ये फुले दांपत्याने दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. दिवस ज्याचा नाही, त्याला रात्र देण्याचा तो विचार होता.

दुसरा मुक्काम कोल्हापूरचा. शाहू महाराजांनी 1917 मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा 1 रुपया दंड ठेवला. हा दंड आजही कौतुकाने सांगितला जातो. पण दंड लावण्याआधी सोळा वर्षे, 1901 पासून, हाच राजा वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारत होता, हे त्याच दमात सांगितले पाहिजे. खाण्याची आणि राहण्याची सोय आधी झाली, दंड मागून आला. पुढच्या काळात सक्तीचे कायदे झाले तेव्हा हा क्रम पुष्कळदा विसरला गेला.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1884 च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबाराची भाषा झाली. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. खालच्या इयत्तांत मातृभाषेला जागा असली तरी वर जायची वाट उर्दूतून होती. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी. अशा शाळेत मूल काय शिकते, हे आईबापांना कळणार कसे? त्यात 1920 च्या दशकात खासगी शाळा काढायलाही आधी सरकारी परवानगी लागू लागली.

या अडचणीतून मराठवाड्यात पालकांच्या सहभागाचे एक मोठे पर्व उभे राहिले. त्याला कोणी तसे नाव दिले नाही एवढेच. औरंगाबादचे सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची 1921 ची राष्ट्रीय शाळा, सेलूचे नूतन विद्यालय या संस्था लोकांनी उभ्या केल्या. स्वामी रामानंद तीर्थ 1929 मध्ये हिप्परग्याला आले आणि 1935 मध्ये अंबाजोगाईला गेले, ते आधी शिक्षक म्हणूनच. अशा शाळांना कोणी जागा दिली, कोणी धान्य दिले. परगावच्या गरीब मुलांना वार लावून दिले जात. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवण. ज्या बाईने ताट वाढले ती त्या मुलाची आई नव्हती, पण त्याच्या शिक्षणाला तिचा हातभार होता. मात्र हे लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो. वाराचे जेवण जात पाहून मिळे. माझ्या आजोबांना अशा कोणत्याही घराच्या ओसरीवर पान मिळाले नसते. शाळा लोकांची झाली खरी, पण ‘लोक’ या शब्दात आम्ही अजून आलो नव्हतो.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान गेले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. आमच्यासारख्यांच्या घरात पाटी आली ती या शाळांमुळे, हे ऋण मोठे आहे. पण शाळा सरकारी झाली तशी पालकाची जागा आक्रसली. त्याच्या वाट्याला प्रगतिपुस्तकातली एक रिकामी ओळ आली : ‘पालकाची सही’. माझ्या प्रगतिपुस्तकावर त्या ओळीत बापाचा निळा अंगठा आहे. तो उमटवण्यापलीकडे शाळेने त्याला कधी काही विचारले नाही.

आणि तरीही घरात माझे शिक्षण चालू होते. श्रावणात गल्लीत हरिविजय किंवा पांडवप्रताप लागे आणि चौथी-पाचवीतल्या पोराला पोथी वाचायला बसवत. मायला अक्षर येत नव्हते, पण ओव्या वर्षानुवर्षे ऐकून तिच्या कानात मुरलेल्या. मी शब्द गाळला की ती वाती वळता वळता म्हणायची, “मागं जा, काहीतरी राहिलं.” ती माझी वाचनाची परीक्षा होती आणि परीक्षक निरक्षर होती. निरक्षर पालक मुलाच्या अभ्यासात काय करणार, असे कोणी म्हणाले की मला ती आठवते. मूल अडखळते की धडाधड वाचते, हे ऐकणाऱ्याला कळते. त्यासाठी वाचता यावे लागत नाही. अर्धा तास शेजारी बसता यावे लागते.

तो अर्धा तास ज्यांच्याकडे नाही त्यांचे काय? याचे सर्वांत नेमके उत्तर मला आमच्या भागापासून फार दूर, समुद्रकाठच्या बोर्डीत सापडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये तिथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. सुरुवातीच्या बालवाडीत वस्तीतली मुले येईनात. ताराबाईंनी उदासीनतेचा शेरा मारला नाही. त्या बालवाडीच वस्तीतल्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर झालेला शब्द तिथला. पुढे कोसबाडला काम गेल्यावर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, तिचे नाव कुरणशाळा. जोतीरावांनी 1882 मध्ये सांगितलेल्या अडचणीला मिळालेले हे उत्तर होते. त्यांची ‘विकासवाडी’ तर मला अक्कासाठीच काढल्यासारखी वाटते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. धाकट्याला कडेवर घेऊन आलेली मुलगी त्याला पाळणाघरात ठेवायची आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायची. खडीच्या ढिगाजवळ असे एखादे खोपट असते तर त्या रकान्यात काय लिहिले गेले असते?

1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे असे तो सांगतो, पण कोल्हापूरसारखा दंड ठेवत नाही. उलट पालकाला अधिकार देतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कामावर देखरेख करणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही या समितीची कामे. अंगठ्यापासून इथपर्यंतचा हा पल्ला लहान नाही.

कागदावरून गावात उतरताना काय होते, तेही मी पाहिले आहे. एका गावी बैठक होती सकाळी अकराला, बोरीच्या बाजाराच्या दिवशी. अकरा वाजता मजूर बाई रानात असते आणि बाजाराच्या दिवशी गाव बोरीत असते. ठरावाच्या वहीवर सह्या नंतर घरोघर जाऊन घेतल्या गेल्या. दुसऱ्या एका गावात मुख्याध्यापकांनी हीच बैठक दिवेलागणीनंतर मारुतीच्या पारावर घेतली. बायका पदराला हात पुसत आल्या. त्यांतली एक म्हणाली, “गुरुजी, आमच्या पोरीला वाचता येतं म्हणता, तर आमच्यापुढं वाचून दाखवू द्या.” त्या रात्री पारावर एकेका मुलाने एकेक परिच्छेद वाचला. कोण अडखळले ते आयांनी ऐकले, गुरुजींनीही ऐकले, आणि पुढच्या महिन्यात कोणाकडे जास्त लक्ष द्यायचे ते तिथेच ठरले. दोन्ही गावांत कायदा एक, लोक एकाच धंद्याचे; फरक बैठकीच्या वेळेचा होता.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा जिंतूर तालुक्यातल्या वस्त्यांवरून आणि तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या तयारीत असतील. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, आणि धाकटे सांभाळायला एक मुलगी बरोबर. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष. या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा झाल्या. मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आली. वसतिगृह चालवायचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे येते. मूल शाळेत जेवते आणि रात्री बहुधा आजीजवळ झोपते. फडात कोयता चालवणारा बाप त्या काळात पालकसभेला येऊ शकत नाही. पण मुलीला गाडीत न बसवता गावी ठेवून जाणे, तिच्या वाटचे काम स्वतःच्या अंगावर घेणे आणि रात्री फोनवर “आज काय शिकलीस?” विचारणे, हा शिक्षणातला सहभाग नसेल तर दुसरे कशाला तसे म्हणायचे? मागे राहून सांभाळणारी आजीही पालकच आहे. वसतिगृह वेळेवर सुरू झाले नाही, तर गाडी मात्र वेळेवर निघते.

गेल्या महिन्यात अक्काला घेऊन मी पुन्हा शाळेत गेलो. आताच्या बाईंनी ते रजिस्टर काढून दिले. अक्काला वाचता येत नाही. मी बोटाने तिचे नाव दाखवले. तिने त्यावरून हात फिरवला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, “इथं काय लिहिलंय?”

“वरीलप्रमाणे,” मी म्हणालो.

तिने वरची ओळ विचारली, मग तिच्या वरची. मी नावे वाचत गेलो आणि ती सांगत गेली : ही ढोरामागं होती, ह्याचा बाप मेला होता, हिचं लगीन झालं. पान संपेपर्यंत जवळपास प्रत्येक नावाचे कारण तिने सांगितले. मी ती सगळी वहीत उतरवून घेतली आहेत.