कमलाबाई सोहोनी आणि कडधान्यांतील प्रथिने

इंदूर येथे १९११ साली जन्मलेल्या कमला भागवत यांच्या घराण्यात रसायनशास्त्राचा व्यासंग पूर्वीपासूनच होता. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. तेव्हा १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी संपादन केल्यावर कमलाबाईंनीही तेथेच अर्ज करावा, हे स्वाभाविक होते. तो अर्ज नामंजूर झाला; कारण अर्जदार स्त्री होती. नामंजूर करणारे संचालक होते साक्षात् सर चंद्रशेखर वेंकट रामन.

कमलाबाईंनी हा नकार मुकाट्याने स्वीकारला नाही. त्यांच्या निग्रहापुढे रामन नमले, परंतु पहिले वर्ष केवळ उमेदवारीचे राहील आणि सहाध्यायी पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा अटी त्यांनी घातल्याच. अपमान गिळून कमलाबाई श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांच्या अभ्यासात मग्न झाल्या. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार पुढे इतर विद्यार्थिनींसाठीही खुले झाले.

त्यानंतर त्या केंब्रिजला गेल्या. पेशींच्या श्वसनक्रियेत भाग घेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. अवघ्या ४० पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

परदेशातच राहून कीर्ती मिळवणे त्यांना अशक्य नव्हते. तथापि त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, १९४७ साली विवाहानंतर मुंबईस आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसह पुन्हा कडधान्येच हाती घेतली. मांसाहार न परवडणाऱ्याचे बळ डाळी-उसळींवर अवलंबून. पण कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचविणाऱ्या ‘ट्रिप्सिन’ या पाचकरसाला अडविणारी द्रव्ये असतात. शिजविल्याने त्यांचा जोर बराचसा ओसरतो. प्रथिने आहेत किती, एवढेच पाहून भागत नाही. अंगी लागतात किती, हेही पाहावे लागते. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या संशोधनाला राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले.

पुढे याच संस्थेच्या संचालकपदी त्या पोहोचल्या, परंतु ते पदही त्यांना विलंबानेच मिळाले. १९९८ साली त्यांचे निधन झाले. ज्या विद्येसाठी त्यांना दाराशी अडविण्यात आले, ती त्यांनी सामान्यांच्या ताटापर्यंत नेऊन पोहोचविली.