उरलेली नजर राखताना

बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत शंकूसारखा पुढे येतो, त्या विकाराला केराटोकोनस म्हणतात. इंग्लंडच्या जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. पुढे चष्मा, कठीण लेन्स आणि अखेर नेत्ररोपण, एवढेच हाती होते.

जर्मनीत ड्रेस्डेनच्या थिओ सायलर व सहकाऱ्यांनी तोच पडदा बळकट करायचे ठरवले. ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब, अर्धा तास अतिनील किरण. आतले तंतू एकमेकांना घट्ट धरतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तेवीसही डोळ्यांतला विकार वाढायचा थांबला. अमेरिकेची मान्यता २०१६ मध्ये मिळाली.

गेलेली नजर हा उपचार सहसा परत देत नाही, उरलेली राखतो. मला कवीला हे राखणेच मोठे वाटते. म्हणून सांगतो, तरुण मुलाचा नंबर सारखा बदलत असेल, तर नुसती काच बदलू नका. पडदाही तपासून घ्या.