फ्रेंच तारखा आणि एक फसलेली दिनदर्शिका

फ्रेंच भाषेत तारीख सांगण्याचा नियम सोपा, पण गमतीचा आहे. महिन्याचा पहिला दिवस तेवढा क्रमवाचक संख्येने सांगतात, बाकीचे साध्या अंकांनी. 'ल प्रम्ये मे' म्हणजे पहिली मे. पुढे मात्र 'ल त्र्वा मे', म्हणजे नुसते 'तीन मे'. आपल्या तिथींत नेमके उलटे : द्वितीया, तृतीया क्रमवाचक, आणि पहिली तिथी मात्र प्रथमा नव्हे, प्रतिपदा!

राज्यक्रांतीने फ्रेंचांची तारीखच बदलली. १७९३ मध्ये नवी दिनदर्शिका लागू झाली आणि २२ सप्टेंबर १७९२ हा पहिल्या वर्षाचा पहिला दिवस मानला गेला. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर्षअखेरीस पाच किंवा सहा जादा दिवस अशी मांडणी होती. महिन्यांची नावे फाब्र देग्लांतीन या कवीने रचली. शेवटच्या अक्षरांवरून ऋतू ओळखावा, ही त्याची युक्ती मोठी सुरेख : ब्र्युमेर धुक्याचा, निव्होझ बर्फाचा, झेर्मिनाल अंकुरांचा, तेर्मिदॉर उन्हाळ्याचा. अर्थात हे हवामान फ्रान्सचे. साऱ्या जगासाठी म्हणून केलेल्या योजनेत ही विसंगतीच होती. १७९४ च्या एप्रिलमध्ये फाब्रचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

खरी अडचण आठवड्याची होती. सात दिवसांऐवजी दहा दिवसांचा 'देकाद' आला. सहा दिवस राबून सातव्या दिवशी विसावणाऱ्या मजुराला आता नऊ दिवस राबावे लागे. त्यात रविवारची प्रार्थनाही गेली. शिवाय वर्षारंभ पॅरिसच्या वेधशाळेनुसार शरद संपाताच्या दिवशी धरायचा असल्याने लीप वर्ष कोणते, हे साध्या गणिती नियमाने ठरत नव्हते. समितीचा प्रमुख झिल्बेर रोम याने तसा नियम सुचवला होता. पण तो मंजूर होण्याआधीच, १७९५ मध्ये, मृत्युदंड सुनावला जाताच त्याने आत्महत्या केली.

मीटर, ग्रॅम यांना रूप देणारा कायदा याच दिनदर्शिकेतला आहे : १८ झेर्मिनाल, वर्ष ३ (७ एप्रिल १७९५). दिवसाचे दहा तास करण्याची सक्तीही त्याच कायद्याने स्थगित केली. मीटर टिकला, कारण गावोगावच्या निराळ्या मापांचा व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला खरोखर जाच होता. सात दिवसांच्या आठवड्याचा जाच कोणालाच नव्हता.

नेपोलियनने सत्ता हाती घेतली ती १८ ब्र्युमेर, वर्ष ८ (९ नोव्हेंबर १७९९) रोजी. त्यानेच १ जानेवारी १८०६ पासून ही दिनदर्शिका बंद केली. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ते सत्तांतर आजही 'ल दिझ्युई ब्र्युमेर' याच नावाने येते.