घनसावंगी परिसरातील टू-स्ट्रोक वाहने आणि कार्बोरेटरचा रबर

मराठवाड्याच्या ग्रामीण वाहतुकीचा इतिहास बहुधा रस्ते, एस.टी. आणि रेल्वे यांच्या आधारे लिहिला जातो. परंतु घनसावंगीसारख्या, स्वतःचे रेल्वे स्थानक नसलेल्या तालुक्याच्या गावात माणसाच्या आणि मालाच्या रोजच्या हालचालीला 20 व्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत जे खरे रूप आले, ते दुचाकीने दिले, आणि ती दुचाकी बहुतांशी टू-स्ट्रोक इंजिनावर चालणारी होती. या वाहनांच्या आयुष्याचा हिशेब कंपन्यांच्या विक्रीच्या आकड्यांत सापडतो, पण ती कशामुळे आणि किती लवकर बंद पडत याचा हिशेब कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. तो शोधायचा असेल तर इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या, हाताच्या मुठीत मावणाऱ्या एका रबरी तुकड्याकडे पाहावे लागते.

घनसावंगी हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात रेल्वे खात्याने 1932 मध्ये बससेवा सुरू केली असली, तरी गोदावरीकाठच्या काळ्या रानातील खेड्यांपर्यंत पावसाळ्यात चाक पोहोचणे ही दुर्मीळ गोष्ट होती, आणि बैलगाडी हेच तेथील खरे वाहन राहिले. बदलाची सुरुवात पाण्याने झाली. पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाले, त्याचा 208 किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी आणि परतूर या पट्ट्यातून परभणीकडे गेला, ऊस वाढला, आणि अंबड तालुक्यातील अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्यापाठोपाठ घनसावंगी तालुक्यातच तीर्थपुरी येथे त्या कारखान्याचे दुसरे युनिट उभे राहिले. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा झाल्यावर कचेरी, बाजार समिती आणि बँक यांच्यासाठी जालन्याच्या खेपा वाढल्या. हातात थोडा पैसा आणि पायाखाली थोडा रस्ता असलेल्या शेतकऱ्याला नेमक्या याच काळात परवडेल असे वाहन मिळू लागले.

ते वाहन महाराष्ट्रातच तयार होत होते, हे या इतिहासातील लक्षणीय अंग आहे. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज ऑटोने इटलीच्या पियाजो कंपनीच्या परवान्यावर स्कूटर बनवायला सुरुवात केली होती आणि तो परवाना संपल्यावर 1972 मध्ये ‘चेतक’ आणली. त्याच वर्षी हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने 50 सीसीची ‘लूना’ बाजारात आणली, आणि अहमदनगरच्या त्या कारखान्याने पायी किंवा सायकलवर फिरणाऱ्या वर्गाला प्रथमच इंजिनावर बसवले. 5 नोव्हेंबर 1985 रोजी औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाजच्या दुसऱ्या कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले, आणि पुढच्याच वर्षी आलेली ‘एम-80’ ही दुधाच्या कॅनपासून खताच्या पोत्यापर्यंत काहीही वाहणारी गाडी ठरली. उत्तरेकडून एस्कॉर्ट्सची ‘राजदूत’ आणि म्हैसूरहून आयडियल जावाची ‘येझदी’ अगोदरच येत होती. त्यात 1985 च्या अखेरीस यामाहाच्या ‘आरएक्स 100’ची भर पडली. या सर्व गाड्यांचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर आणि एका खाली अशा दोनच हालचालींत एक आवर्तन पूर्ण करणारे होते.

अशा इंजिनात व्हॉल्व्हची गुंतागुंत नसते आणि तेलासाठी वेगळी टाकीही आवश्यक नसते, कारण पेट्रोल व हवेचे मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे दांडा फिरतो त्या कोठीतून, वर सिलिंडरमध्ये जाते आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले ‘टू-टी’ तेल जाताजाता बेअरिंग, पिस्टन व सिलिंडरची भिंत यांना वंगण देते. स्वस्तपणा या रचनेतून आला, आणि नाजूकपणाही. पेट्रोल येथे जळण तर असतेच, शिवाय ते तेलाचे वाहनही असते आणि आपल्या वाफेबरोबर पिस्टनची उष्णता उचलून त्याला थंडही ठेवते. म्हणून टू-स्ट्रोक इंजिनाला मिश्रण थोडे दाट, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल अधिक असलेले, दिले जाते. सुमारे 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचे वजनी प्रमाण मानतात. कार्बोरेटरमधील बारीक छिद्राचे जेट हे ठरलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडते, पण कार्बोरेटरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला कोठे फट पडली तर तेथून घुसणारी हवा जेटच्या हिशेबात येत नाही. मिश्रण विरळ होते, पेट्रोलबरोबर तेलही कमी पडते, आणि ज्या क्षणी पिस्टनला गारव्याची व वंगणाची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी दोन्ही आटतात. ज्या गाड्यांत तेलासाठी स्वतंत्र पंप होता त्यांत वंगण टिकत असे, ताप मात्र टळत नसे.

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडरचे अस्तर बिडाचे असल्यामुळे पुढचे अरिष्ट ठरलेले असते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दोहोंमधली केसाएवढी मोकळीक संपते, पिस्टन भिंतीला घासतो, आणि धावती गाडी मागच्या चाकासह एकाएकी थबकते. गॅरेजमध्ये याला ‘पिस्टनने पकडले’ किंवा ‘इंजिन सीझ झाले’ म्हणतात.

फट पडण्याची जागा मुख्यतः तो रबर असे. जुन्या धाटणीच्या अनेक गाड्यांत कार्बोरेटर धातूच्या बैठकीवर गॅस्केट घालून थेट बसवलेला असे. आरएक्स 100 सारख्या जपानी रचनेत मात्र रीड व्हॉल्व्हच्या, म्हणजे मिश्रण उलटे फिरू न देणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या, तोंडाशी जाड रबरी जोड असतो आणि कार्बोरेटर त्यात पट्ट्याने आवळलेला असतो, जेणेकरून इंजिनाची उष्णता आणि कंप पेट्रोलच्या कपापर्यंत पोहोचू नयेत. या जोडाची अडचण रसायनशास्त्रीय आहे. नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगते, म्हणून पेट्रोलला टिकणारे नायट्राइल रबर वापरतात. परंतु नायट्राइल रबराला ऊन आणि हवेतील ओझोन सोसत नाहीत, त्याला बाहेरून बारीक भेगा पडतात. ओझोन सोसणारे ईपीडीएमसारखे रबर पेट्रोलपुढे टिकत नाही. एकाच वस्तूच्या आतल्या अंगाला पेट्रोल आणि बाहेरच्या अंगाला मराठवाड्याचा उन्हाळा, अशी ही स्थिती होती, आणि दारात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत ती अधिकच बिकट होई.

ही व्याधी उष्ण प्रदेशाचीच आहे असे मात्र नाही, उलट तिचा सर्वांत कठोर अनुभव बर्फाळ मुलखाला आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी 1959 मध्ये ‘स्की-डू’ ही छोटी हिमगाडी बाजारात आणली आणि पुढील काळातील बहुसंख्य कार्बोरेटरवाल्या हिमगाड्या टू-स्ट्रोकच राहिल्या. काश्मीरच्या गुलमर्गला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना ही जात ओळखीची आहे. उणे 20 अंशांवरील हवा अधिक 20 अंशांवरील हवेपेक्षा सुमारे 16 टक्के घन असते, त्यामुळे मिश्रण आधीच विरळतेकडे झुकलेले असते, त्यात थंडीने कडक झालेल्या रबराला भेग पडली आणि गाडी सलग पूर्ण वेगाने पळवली, तर पिस्टनला छिद्र पडायलाही वेळ लागत नाही. घनसावंगीत बर्फ नसले तरी हिशेब तोच लागू पडतो: 40 अंशांच्या दुपारपेक्षा 10 अंशांच्या पहाटेची हवा सुमारे 10 टक्के घन असते, म्हणून उन्हाळ्यात तडकलेला रबर उन्हाळ्यात काही अंशी खपून जातो आणि त्याचे परिणाम पौष-माघात, उसाच्या गाळपाच्या ऐन हंगामात, ओझ्याने भरलेली गाडी पहाटे निघते तेव्हा उघडे पडतात. कारण आणि परिणाम यांत असे महिन्यांचे अंतर पडल्यामुळेच, असे मानण्यास जागा आहे की, दोष पुष्कळदा भलत्याच गोष्टीवर, म्हणजे तेलाच्या दर्जावर, पेट्रोलमधल्या रॉकेलच्या भेसळीवर किंवा चालवणाऱ्याच्या हातावर, ढकलला गेला. भेसळ खोटी नव्हती. पण प्रत्येक पकडलेल्या पिस्टनमागे तीच होती असेही नव्हे.

निदानाची विद्या कारागिरांनी अनुभवातून घडवली आणि ती तोंडीच राहिली. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेस खाली न येणे, इंजिन तापल्यावर आवाज आपोआप चढणे, आणि प्लग काढून पाहिल्यावर त्याचे टोक तपकिरीऐवजी पांढरे दिसणे ही तीन लक्षणे एकत्र आली की मिस्त्री ‘गाडी हवा घेते’ असा निर्णय देत. खात्रीसाठी चालू इंजिनाच्या रबराभोवती थोडे पाणी वा पेट्रोल शिंपडून आवाज बदलतो का ते ऐकत. हवा गाळणीकडच्या रबराला भेग पडली तर गोष्ट वेगळी: तेथून काळ्या मातीची धूळ न गाळता आत जाते आणि रिंग व सिलिंडर खरवडते, म्हणजे इंजिन एकदम पकडत नाही, महिनोन् महिने झिजते. हा भेद जाणणारा कारागीर चांगला मानला जाई. उपचार मात्र अनेकदा जुजबी असे. नवा रबर तालुक्याला मिळाला नाही तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली जाई किंवा भेगेवर एम-सील थापले जाई. ट्यूबचे रबर पेट्रोलमध्ये फुगते आणि घट्ट झालेले एम-सील कंपाने सुटते, त्यामुळे दोन्ही इलाज थोडक्या दिवसांचे. मग सिलिंडर बोअरिंगसाठी शहरातल्या लेथवर जाई, तेथे भोक पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठे करून त्या मापाचा ‘ओव्हरसाइज’ पिस्टन घातला जाई, आणि जुनाच रबर परत चढवला गेला तर हे चक्र पुन्हा सुरू होई. रबराच्या कंजुषीपायी बोअरिंगचा खर्च ओढवून घेणे हा अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. सुटा भाग जेथे मिळतो ते शहर आणि गाडी जेथे बंद पडते ते शेत यांतले अंतर त्यामागे होते.

टू-स्ट्रोक दुचाकीचा अस्त नियमांनी घडवला. 1985 मध्ये आलेल्या हिरो होंडा ‘सीडी 100’ने फोर-स्ट्रोकची काटकसर दाखवून दिली होती, आणि 1991 पासून लागू झालेले व 1996 आणि 2000 मध्ये कडक झालेले प्रदूषणाचे निकष तेल जाळणाऱ्या इंजिनाला पेलणारे नव्हते. आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये थांबले. फोर-स्ट्रोकमध्ये तेल क्रँककेसमध्ये स्वतंत्र असल्यामुळे रबर फुटल्यावर गाडी धडपणे चालत नाही, पण सहसा पकडतही नाही. आणि 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 निकषांनंतर दुचाकींत कार्बोरेटरची जागा बहुतांशी फ्युएल इंजेक्शनने घेतली.

जुन्या गाड्या मात्र राहिल्या, आणि त्यांच्यापुढे पेट्रोलचाच प्रश्न उभा राहिला. 2003 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळणे सुरू झाले, जून 2022 मध्ये देशाची सरासरी 10 टक्क्यांवर आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेली. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने त्याच जेटमधून मिश्रण अधिक विरळ होते, आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते फुगवते व कमकुवत करते. ज्या उसाने घनसावंगीच्या शेतकऱ्याला मोटारसायकल घेण्याची ऐपत दिली, त्याच पिकापासूनचे इंधन आता त्या मोटारसायकलीच्या रबरावर उठले आहे, ही इतिहासाची काहीशी कडवट गंमत म्हणावी लागेल.

रस्त्यावरून हटलेले टू-स्ट्रोक इंजिन शेतातून हटलेले नाही. कपाशी आणि मोसंबीच्या फवारणीसाठी पाठीवर घ्यायच्या पेट्रोल पंपांत ते अजून आहे. तेथे कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये उष्णतारोधक ठोकळा व गॅस्केट असते, तेल शेतकरी स्वतःच्या अंदाजाने मिसळतो, आणि पंप तासन् तास पूर्ण वेगाने चालतो. ठोकळ्याचे स्क्रू कंपाने ढिले झाले की हवा त्याच वाटेने शिरते, आणि हंगाम संपल्यावर टाकीत व कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसेच ठेवून पंप कोठीत गेला असेल, तर पुढच्या फवारणीला गॅस्केट कडक आणि जेट अर्धवट बुजलेले सापडते, म्हणजे हवा वाढलेली असते आणि पेट्रोल घटलेले.