प्रादेशिक परिवहन कार्यालय, छत्रपती संभाजीनगर
मोटारवाहनांची नोंदणी, चालकांच्या अनुज्ञप्त्या, परवाने व वाहनकर यांचे काम पाहणारे महाराष्ट्र शासनाचे कार्यालय. वाहनक्रमांकातील ‘एमएच २०’ ही त्याची खूण. २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचे नाव बदलले, तरी ती कायम आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी प्रवासी मोटारसेवा सुरू केली. कारभार उर्दूतून चाले, त्यामुळे सरकारी कचेरीत मराठी माणसाला बहुधा अर्जनवीस गाठावा लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला व तेथील वाहनकर अधिनियम (१९५८) आणि मोटारवाहन नियम (१९५९) येथेही लागू झाले. पुढे अर्ज मराठी झाला, पण मध्यस्थ गेला नाही. कारण अडचण भाषेपेक्षा कार्यपद्धतीची अधिक होती. १९८८ च्या मोटारवाहन अधिनियमानुसार जुनी दुचाकी राज्यातल्या राज्यात विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे लागते. वाहनावर कर्ज असल्यास धनकोची संमतीही लागते. १९८५ मध्ये वाळूज येथे दुचाकींचा मोठा कारखाना सुरू झालेल्या या शहरात हा प्रसंग घरोघरी येणारा आहे.

कायद्यातील खरी उणीव वेगळीच होती. नोंदणी वा अनुज्ञप्ती नाकारल्यास ३० दिवसांत अपील करता येई. परंतु अपील आदेशाविरुद्ध असते आणि खिडकीवरचे ‘उद्या या’ हा आदेश नव्हे. अर्ज नुसता पडून राहिला, तर नागरिकाजवळ विनंतीखेरीज फारसे काही उरत नसे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने (२०१५) ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. अधिसूचित सेवेची मुदत टळणे हेच अपिलाचे कारण ठरले. पहिली दोन अपिले विभागातील वरिष्ठांकडे व तिसरे राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे करता येते. सबळ कारणाविना कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्थात, यासाठी अर्जाची पोच हाती असावी लागते. तोंडी विचारणेवरून मुदत मोजता येत नाही.

‘वाहन’ व ‘सारथी’ या संगणकीय प्रणालींमुळे अर्ज व शुल्क घरून भरता येते आणि अर्जक्रमांकावरून तो कोठवर आला ते कळते. शिकाऊ अनुज्ञप्तीची परीक्षा २०२१ पासून घरबसल्या देता येऊ लागली. पक्क्या अनुज्ञप्तीसाठी वाहन चालवून दाखवण्याची चाचणी मात्र सामान्यतः निरीक्षकासमोरच द्यावी लागते.