घरी जोडलेली गाडी आणि कायदा

१९५७ साली ब्रिटनमध्ये लोटस सेव्हन आली. सुटे भाग नेऊन घरी जोडली तर खरेदी कर लागत नसे. १९७३मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत गेली. अशा गाड्यांना रस्त्यावर आणण्यापूर्वीची सक्तीची तपासणी मात्र १९९८ साली आली. म्हणजे आधी कर, मग जीव! आता ब्रेक, दिवे, धूर तर पाहतातच, बाहेरच्या कडांची गोलाईही मोजतात. नापास झालात तर दुरुस्त करून पुन्हा न्या. एकाच गाडीसाठीही सरकारने दार ठेवले आहे.

यशवंतरावांच्या देवराष्ट्रे गावात दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप बनवली. २०२१ साली आनंद महिंद्रांनी कौतुक केले. पण ती नियमांत बसत नाही, अधिकारी आज ना उद्या अडवतील, असेही म्हटले. बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली. जीप महिंद्रांकडे गेली.