इस्तो लयी ये!

आगपेटीची काडी जपून वापरायची त्या काळात खानदेशातल्या घरात बिडी चुलीवरच पेटायची. ओट्यावर बसलेला आजा हातातली बिडी पुढे करायचा आणि नातवाला म्हणायचा, ‘पोऱ्या, इस्तो लयी ये’, म्हणजे विस्तव घेऊन ये. निखारा ओट्यापर्यंत आणायचा म्हणजे हात पोळणार. त्यापेक्षा बिडीच तोंडात धरावी, चुलीपाशी वाकून टोक निखाऱ्याला लावावं, दोन झुरके घ्यावेत आणि पेटलेली बिडी आजाच्या हाती द्यावी, हे सोपं. पहिला ठसका लागायचा तो असा, घरच्यांच्याच कामात. त्याला व्यसन म्हणायचं कुणाच्या मनातही येत नसे.

तंबाखू इकडे पोर्तुगीजांनी आणली. १६०४च्या सुमारास अकबराच्या असदबेग या दूताने ती विजापूरहून दरबारात नेली, १६१७मध्ये जहांगीरने तिच्यावर बंदी घातली, आणि बंदीला न जुमानता चिलमी पेटतच राहिल्या. बिडीचं राज्य सुरू झालं ते बरंच नंतर, रेल्वे आल्यावर. तिला लागणारं टेंभुर्णीचं पान सातपुड्यात मिळतं. उन्हाळ्यात पानं तोडायला घरंच्या घरं रानात जातात. १९६९च्या कायद्याने या पानांचा व्यापार सरकारच्या हाती गेला. बिडी वळण्याच्या कामात चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवायला १९६६च्या कायद्याने मनाई केली. १९८६च्या बालकामगार कायद्यानेही हे काम बंदीच्या यादीत घातलं, पण आईबापांसोबत घरच्या घरी वळत असतील तर सूट दिली. कायद्यालासुद्धा उंबरठा ओलांडवला नाही.

घरात बिडीचा एक रिवाज होता: मोठ्यांसमोर ओढायची नाही. पंधरा वर्षांचा पोरगा गोठ्यामागे ओढतो हे बापाला वासावरून कळत असे, पण समोरासमोर गाठ पडेपर्यंत दोघंही गप्प. म्हणजे मनाई ओढायला नव्हती, दिसायला होती. पोरं बिघडली ती वाईट संगतीने, असं गाव म्हणतं. त्या संगतीत बाप आणि चुलता कधी मोजले जात नाहीत.

पुढे अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये किंवा भुसावळच्या रेल्वेत चिकटलेल्या पोराच्या हाती पगार आला की बिडीची सिगारेट व्हायची. बिडी आजाची, चारमिनार आपली.

डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा खानदेशात आलेल्या गांधीजींचीही गोष्ट वेगळी नाही. लहानपणी ते आणि त्यांचा एक नातलग काकांनी फेकलेली सिगारेटची थोटकं उचलून ओढत. थोटकं पुरेनात, तेव्हा नोकराच्या खिशातले पैसे चोरले. आत्मकथेत त्यांनी हे सगळं लिहिलं आहे. त्यांच्या घरी चूल होती, काका होते आणि वडीलधाऱ्यांचा धाकही होता. थोटकं मात्र त्या धाकातूनच हाती लागली.

देशभरातल्या शाळकरी मुलांच्या २०१९च्या तंबाखू सर्वेक्षणात तेरा ते पंधरा वयोगटातली ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरताना आढळली, महाराष्ट्रात ५.१ टक्के. त्याच सर्वेक्षणात बिडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांनी सुरुवात दहावा वाढदिवस येण्याआधीच केली होती. दहा वर्षांच्या आतला पोरगा टपरीवर मित्रांबरोबर उभा नसतो. तो घरात असतो.

चूल गेली, लायटर आला, आजाच्या बिडीची जागा बापाच्या गायछाप तंबाखूने घेतली. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरत होते. आता पोराला विस्तव आणायला नाही, पुडी आणायला पाठवतात. २००३च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, मग ती कुणासाठी का असेना. सप्टेंबर २०२०पासून राज्यात सुटी सिगारेट आणि बिडी विकायलाही बंदी आहे. टपरीवाला मात्र पोराला एवढंच विचारतो, ‘कुणासाठी रे?’ आणि बापाचं नाव ऐकलं की पुडी काढून देतो.